व्हीएमला जास्तीचे कोअर द्यायचे कसे, आणि ती ते खरंच वापरतेय का हे बघायचं कसं

नवीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) बनवली की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिला एक किंवा दोनच कोअर मिळतात, मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आठ असोत नाहीतर सोळा. आत विंडोज किंवा लिनक्स टाकून झालं की मग कळतं, ब्राउझर उघडला की सगळं अडकतंय, अपडेट सुरू झालं की माउससुद्धा नीट हलत नाही, आणि बाहेर खऱ्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडून बघावं तर सीपीयू जेमतेम १२-१३ टक्के. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर १२-१३ टक्के म्हणजे आठातला एक पूर्ण भरलाय आणि बाकीचे सात रिकामे बसलेत. हा आकडा दिसला की समजायचं की व्हीएमला एकच कोअर मिळालाय, किंवा जास्त दिलेत पण ती एकच वापरतेय.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि गोंधळ इथेच होतो. स्लायडर सरकवा, चार करा, झालं, असं सगळे सांगतात, ते चूक नाही पण काम तेवढ्यावर संपत नाही. स्लायडर चारवर आहे पण आतल्या विंडोजला दोनच दिसतायत, किंवा चारही दिसतायत पण प्रोग्राम एकच वापरतोय, किंवा चारही वापरतोय आणि तरी आधीपेक्षा स्लो झालंय, हे सगळे प्रकार होतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. म्हणून खालून वर जायचं. आधी चिप आणि बायोस (मशीन चालू होताना उघडायची मूळ सेटिंग्ज), मग व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर, मग सॉकेट-कोअरची मांडणी, मग आतली ओएस आणि शेवटी तुमचा प्रोग्राम. एक एक तपासत गेलात की नक्की कुठे अडलंय ते सापडतंच.

(खाली होस्ट म्हणजे तुमचा खरा कॉम्प्युटर आणि गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आतली ओएस.)

आधी होस्टकडे काय आहे ते बघा

विंडोज होस्ट असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅब, सीपीयू. ग्राफच्या खाली कोअर्स, लॉजिकल प्रोसेसर्स आणि व्हर्च्युअलायझेशन अशा तीन ओळी दिसतील, त्या तिन्ही वाचा. व्हर्च्युअलायझेशनसमोर एनेबल्ड असायला हवं. लिनक्स होस्ट असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू कमांड चालवा, त्यात एका सॉकेटमध्ये किती कोअर, एका कोअरमध्ये किती थ्रेड आणि व्हर्च्युअलायझेशनसमोर व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही असं लिहिलेलं असतं.

डिसेबल्ड दिसलं तर बाकी काही करण्यात अर्थ नाही, आधी बायोसमध्ये जा. इंटेलवर त्या ऑप्शनचं नाव साधारण इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा व्हीटी-एक्स असतं, एएमडीवर बहुतेक वेळा एसव्हीएम मोड असतं, आणि हे एसव्हीएम नाव माहीत नसेल तर माणूस सगळे मेनू शोधून दमतो कारण त्यात व्हर्च्युअलायझेशन हा शब्दच नाही. ॲडव्हान्स्ड, सीपीयू कॉन्फिगरेशन किंवा ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत बघा. एनेबल करून सेव्ह करा, मग मशीन एकदा पूर्ण बंद करून परत चालू करा, नुसतं रीस्टार्ट नको.

ही सोय इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आणली, त्यामुळे आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ती आहेच, फक्त चालू असते असं नाही. जुन्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय बंद असली तरी ३२-बिट गेस्ट चालायचा, पण एकाच सीपीयूवर. २०१९ मध्ये आलेल्या ६.१ व्हर्जनपासून तर हार्डवेअर सपोर्टशिवाय तो व्हीएम चालवतच नाही.

किती द्यायचे

हा प्रश्न सेटिंग उघडायच्या आधी सोडवा. कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर यातला फरक इथे महत्त्वाचा आहे. चार कोअर आठ थ्रेडची चिप असेल तर टास्क मॅनेजर आठ डबे दाखवतो पण काम करणारी खरी यंत्रणा चारच आहे, एका कोअरचे दोन थ्रेड त्याच कोअरची ताकद वाटून घेतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हेच सांगितलंय, व्हीएमला देताना खरे कोअर मोजा, हायपरथ्रेड (म्हणजे हेच जोडीचे थ्रेड) मोजू नका.

माझा सल्ला असा की खऱ्या कोअरच्या निम्म्यापासून सुरुवात करा. चार असतील तर दोन, आठ असतील तर चार. आणि एकदम एकावरून आठवर उडी मारू नका, एकावरून दोनवर गेल्यावर जो फरक पडतो तो सगळ्यात मोठा असतो, कारण बॅकग्राउंडला अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू असला तरी तुमच्या कामाला दुसरा कोअर मोकळा राहतो. दोनावरून चारवर गेल्यावर फरक पडेल की नाही ते पूर्णपणे तुम्ही आत काय चालवताय यावर आहे.

२०२१ नंतरच्या बऱ्याच इंटेल चिपमध्ये मोठे पी-कोअर आणि छोटे ई-कोअर असे दोन प्रकार असतात. तिथे मोजताना पी-कोअरच धरा. गेस्टला कळत नाही की त्याचा कुठला कोअर मोठ्यावर चाललाय आणि कुठला छोट्यावर, त्याला सगळे सारखेच वाटतात, आणि विंडोज होस्ट बॅकग्राउंडला गेलेल्या प्रोग्रामला छोट्या कोअरवर पाठवू शकतो. व्हीएमची विंडो समोर असताना फास्ट आणि मिनिमाइझ केल्यावर स्लो असं होत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या.

व्हर्च्युअलबॉक्स

व्हीएम पूर्ण शट डाउन करा. सेव्ह स्टेट करून बंद केलेली चालत नाही, तेव्हा मेमरीची आणि सीपीयूची अवस्था जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवलेली असते, म्हणून प्रोसेसरचं सेटिंग करडं होतं आणि हलत नाही. "माझा स्लायडर हलतच नाहीये" यामागे दहातल्या नऊ वेळा हेच असतं. व्हीएम उघडा, आतून नीट शट डाउन करा, मग सेटिंगमध्ये या.

सेटिंग्ज, सिस्टिम, प्रोसेसर. स्लायडर आहे, त्याला खाली हिरवा आणि लाल असे दोन पट्टे आहेत. हिरव्यात राहा. लाल भाग दिसतो म्हणून तो वापरायचाच असं नाही, तिथे गेलात की होस्टकडे जेवढे खरे कोअर आहेत त्यापेक्षा जास्त तुम्ही गेस्टला कबूल करताय. खालचा एक्झिक्युशन कॅप १०० टक्क्यांवरच असू द्या, तो कोणी कमी करून ठेवला असेल तर चार कोअर देऊनसुद्धा प्रत्येक कोअर अर्धवट चालेल आणि तुम्ही कारण भलतीकडेच शोधत बसाल.

आता त्याच सिस्टिमच्या मदरबोर्ड टॅबमध्ये जा आणि आय-ओ एपिक नावाची टिक आहे का बघा. एकापेक्षा जास्त सीपीयू द्यायचे असतील तर ती लागतेच, कारण इंटरप्ट (हार्डवेअरकडून सीपीयूला येणारी हाक) कुठल्या सीपीयूकडे पाठवायचा हे तो ठरवतो. नवीन व्हर्जन स्वतःच सांगतं किंवा लावून टाकतं, पण जुनी व्हीएम इम्पोर्ट केली असेल तर हाताने बघून घ्या. काही नवीन व्हर्जनमध्ये सेटिंगच्या खिडकीत बेसिक आणि एक्स्पर्ट असे मोड आहेत, एखादं सेटिंग दिसत नसेल तर एक्स्पर्ट करा.

एक्सपीसारखी जुनी विंडोज व्हीएममध्ये चालवणारे अजूनही बरेच लोक आहेत, जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर, जुनं अकाउंटिंग वगैरे, त्यांच्यासाठी हे खास. ती विंडोज इन्स्टॉल होताना समोर काय हार्डवेअर आहे ते बघून एका सीपीयूचा किंवा अनेक सीपीयूंचा कर्नल (ओएसचा गाभा) टाकते. आय-ओ एपिक बंद असताना इन्स्टॉल केली असेल तर नंतर टिक लावून काहीच होत नाही, तिला एकच सीपीयू दिसत राहतो. आणि उलट, चालू असताना इन्स्टॉल केलेली असेल तर नंतर ती टिक काढू नका, बूटच होणार नाही. अशा वेळी सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे दोन सीपीयू आणि आय-ओ एपिक दोन्ही लावून नवीन व्हीएम बनवायची आणि त्यात नव्याने इन्स्टॉल करायचं.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स स्लो असण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. व्हीएम चालू असताना खिडकीच्या खाली उजवीकडे जी छोटी आयकॉन असतात त्यात प्रोसेसरचं चिन्ह बघा. तिथे हिरवं कासव दिसत असेल तर विंडोजने स्वतःचा हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअलायझेशन) आधीच चालू करून ठेवलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला चिपचा सपोर्ट थेट न मिळता हायपर-व्हीमार्फत घ्यावा लागतोय. या अवस्थेत कोअर वाढवले तर कधीकधी व्हीएम आणखी रखडते. तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केलाच नाही असं वाटत असेल तरी तो चालू असू शकतो, कारण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सिक्युरिटीतलं कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी हे सगळे त्याच्यावरच उभे आहेत. विंडोज फीचर्समध्ये जाऊन नको ते बंद करा आणि रीस्टार्ट करा. मेमरी इंटिग्रिटी मात्र सुरक्षेची गोष्ट आहे, ती बंद करण्याआधी नीट विचार करा, आणि डब्ल्यूएसएल रोज लागत असेल तर मग व्हर्च्युअलबॉक्सचा हट्ट सोडून हायपर-व्हीच वापरा, ते जास्त बरं पडतं.

व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये व्हीएम बंद करून सेटिंग्ज, प्रोसेसर्स. इथे दोन ड्रॉपडाउन आहेत, प्रोसेसर किती आणि एका प्रोसेसरमध्ये कोअर किती. दोघांचा गुणाकार म्हणजे गेस्टला मिळणारे एकूण. चार हवे असतील तर १ गुणिले ४ ठेवा. ४ गुणिले १ केलं तरी एकूण चारच दिसतात पण विंडोज गेस्टमध्ये फसाल, का ते पुढे येतंय.

हायपर-व्हीमध्ये हे सरळ आहे, व्हीएम बंद, सेटिंग्ज, प्रोसेसर, नंबर ऑफ व्हर्च्युअल प्रोसेसर्स. खाली रिझर्व्ह, लिमिट आणि वेट असे तीन आकडे आहेत ते अनुक्रमे ०, १०० आणि १०० असतात, तसेच राहू द्या.

सॉकेट की कोअर, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

हा भाग नीट वाचा, खास करून लिनक्स होस्टवर केव्हीएम (लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन) वापरत असाल तर.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची चिप बसायची जागा. खऱ्या दुनियेत घरच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरला एकच सॉकेट असतो आणि त्या एका चिपमध्ये बरेच कोअर असतात. पण व्हीएममध्ये हे सगळं कागदावरचंच आहे, चार सीपीयू हे चार वेगळ्या चिप म्हणून पण दाखवता येतात आणि एका चिपमधले चार कोअर म्हणून पण. लिनक्स गेस्टला दोन्ही चालतं. विंडोजला चालत नाही, कारण तिच्या लायसन्समध्ये सॉकेटची मर्यादा आहे. विंडोज १० किंवा ११ ची होम एडिशन एकच सॉकेट वापरते, प्रो दोन वापरते. कोअरची मर्यादा खूप वर आहे, होमला एका सॉकेटमागे ६४, त्यामुळे कोअरने अडत नाही, सॉकेटने अडतं.

आता काय होतं बघा. केव्हीएममध्ये तुम्ही चार व्ही-सीपीयू (व्हीएमला दिसणारे सीपीयू) दिलेत आणि मांडणी काहीच सांगितली नाही, तर बऱ्याच सेटअपमध्ये ते चार सॉकेट, प्रत्येकात एक कोअर असे जातात. आत विंडोज प्रो आहे. टास्क मॅनेजर उघडलात की सॉकेट्स २, व्हर्च्युअल प्रोसेसर्स २. होम असेल तर १ आणि १. आणि बऱ्याचदा डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रोसेसर्सखाली मात्र चारही नावं दिसतात, म्हणून माणसाला वाटतं की दिलेत तर बरोबर, मग ड्रायव्हरचा घोळ असेल. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. हार्डवेअर म्हणून चारही आहेत, विंडोज त्यातले लायसन्सपुरतेच चालवतेय.

उपाय एका मिनिटाचा आहे. व्हर्ट-मॅनेजरमध्ये (केव्हीएमच्या व्हीएम सांभाळायचं खिडकीवालं सॉफ्टवेअर) व्हीएम बंद करून बल्बच्या चिन्हावर क्लिक करा, सीपीयूज, खाली टोपोलॉजी उघडा, मॅन्युअली सेट करायची टिक लावा, आणि सॉकेट १, कोअर ४, थ्रेड १ असं भरा. अप्लाय. तिन्हींचा गुणाकार वर दिलेल्या एकूण व्ही-सीपीयूइतकाच यायला पाहिजे, नाहीतर एरर येते. एक्सएमएल हाताने लिहिणाऱ्यांनी सीपीयूच्या टॅगमध्ये टोपोलॉजीचा टॅग टाकून हेच तीन आकडे द्यायचे. सरळ क्यूएमू (केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणारा प्रोग्राम) चालवत असाल तर एसएमपीच्या ऑप्शनमध्ये सॉकेट, कोअर, थ्रेड तिन्ही स्पष्ट लिहा. क्यूएमूच्या ६.२ व्हर्जनपासून काही न सांगता दिलेले सीपीयू आधी कोअर म्हणून धरले जातात, त्याआधी सॉकेट म्हणून धरले जायचे, म्हणजे तीच कमांड जुन्या आणि नव्या मशीनवर वेगळं वागते, म्हणून लिहून टाकलेलं कधीही चांगलं. प्रॉक्समॉक्समध्ये (सर्व्हरवर व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) सॉकेट्स आणि कोअर्स असे दोन वेगळे रकाने आहेतच, तिथे पण सॉकेट १ ठेवून कोअर वाढवा.

सीपीयूचं मॉडेल होस्ट-पासथ्रू ठेवा, प्रॉक्समॉक्समध्ये त्याला नुसतं होस्ट म्हणतात. मग गेस्टला तुमच्या चिपची एव्हीएक्स, एईएस वगैरे सगळी फीचर्स दिसतात. कोअरची संख्या याने वाढत नाही पण एन्क्रिप्शन, व्हिडिओ एन्कोडिंग असल्या कामात प्रत्येक कोअरचं काम बरंच वाढतं. व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्या वेगळ्या चिपच्या सर्व्हरवर चालू अवस्थेत हलवायची असेल तर मात्र हे नको.

आणि केव्हीएम खरंच चालू आहे ना ते पण बघा. डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम नावाची फाइल नसेल किंवा तिची परवानगी नसेल, तर काही सेटअप गुपचूप सॉफ्टवेअर एम्युलेशनवर जातात, म्हणजे चिपची मदत न घेता सगळा सीपीयू सॉफ्टवेअरने नक्कल करून चालवतात. मग आठ कोअर द्या नाहीतर सोळा, व्हीएम रांगतच राहणार.

मॅकवर यूटीएम आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल

ॲपलच्या एम सिरीज चिपवर यूटीएममध्ये (मॅकवर व्हीएम चालवायचं ॲप) एआरएमचा, म्हणजे त्याच चिपच्या जातीचा गेस्ट व्हर्च्युअलाइझ करत असाल तर सिस्टिममध्ये सीपीयू कोअर्स वाढवा, विषय संपला. पण एक्स८६ चा (इंटेल-एएमडीच्या जातीचा) गेस्ट एम्युलेट करत असाल तर कोअर वाढवूनही मॅकवर एकच कोअर भरलेला दिसेल. आत गेस्टला चार दिसतात पण क्यूएमू चारही एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालवतो. कारण एक्स८६ मध्ये मेमरीत लिहायच्या-वाचायच्या क्रमाचे नियम एआरएमपेक्षा कडक आहेत, अनेक थ्रेडवर चालवलं तर तो क्रम बिघडून गेस्ट क्रॅश होऊ शकतो. तिथे फोर्स मल्टिकोअर नावाची टिक आहे, ती लावली की खरंच अनेक कोअर वापरले जातात आणि वेग वाढतो, पण स्थिरता जाऊ शकते. प्रयोगाच्या व्हीएमवर लावून बघा, महत्त्वाचा डेटा असलेल्यावर नको.

डब्ल्यूएसएल २ मध्ये उलटं आहे, तिथे सगळे लॉजिकल प्रोसेसर आधीच दिलेले असतात. कमी करायचे असतील तर तुमच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइल बनवून डब्ल्यूएसएल-२ च्या सेक्शनमध्ये processors=4 असं लिहा, मग डब्ल्यूएसएल शटडाउनची कमांड देऊन परत चालू करा.

आतून खात्री करा

विंडोज गेस्टमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, आणि ग्राफवर राइट क्लिक करून चेंज ग्राफ टू, लॉजिकल प्रोसेसर्स. एक मोठा ग्राफ जाऊन जेवढे प्रोसेसर तेवढे छोटे ग्राफ येतात. ही सवय लावून घ्या, कारण एकत्र ग्राफ २५ टक्के दाखवतो तेव्हा चारही कोअर थोडे थोडे चालतायत की एकच पूर्ण भरलाय हे त्यात कळत नाही, वेगवेगळ्या ग्राफमध्ये बघताक्षणी कळतं.

एमएसकॉन्फिगबद्दल थोडं कळकळीने सांगतो. बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे नंबर ऑफ प्रोसेसर्स अशी टिक आहे आणि तिथे चार किंवा आठ निवडलं की सगळे कोअर चालू होतात असं व्हिडिओतून वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. ते सेटिंग वाढवायचं नाहीच, ते मर्यादा घालायचं आहे, डेव्हलपरला कमी सीपीयूवर सॉफ्टवेअर तपासता यावं म्हणून दिलेलं. टिक नसली की विंडोज मिळतील तेवढे सगळे वापरते. टिक असली की तिथल्या आकड्यापर्यंतच वापरते. म्हणजे कोणी कधीतरी तिथे २ निवडून ठेवलं असेल आणि तुम्ही आता व्हीएमला सहा कोअर दिलेत, तरी गेस्ट दोनावरच अडकणार. सॉकेटचं सगळं बरोबर असूनही आकडा कमी दिसत असेल तर इथे येऊन ती टिक काढा आणि रीस्टार्ट करा.

लिनक्स गेस्टमध्ये एनप्रॉक कमांड एक आकडा देते, एलएससीपीयू पूर्ण हिशोब देते. एलएससीपीयूमध्ये ऑफलाइन सीपीयूची यादी दिसली तर कोअर पोचलेत पण कर्नलने चालू केलेले नाहीत. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) ओळीत मॅक्स-सीपीयूज किंवा नो-एसएमपी असलं काही राहिलंय का बघा. एनप्रॉक कमी आणि एलएससीपीयू जास्त सांगत असेल तर तुमच्या शेल किंवा कंटेनरवरच ठराविक सीपीयूंचं बंधन आहे, व्हीएमचा दोष नाही.

दिसले म्हणजे चालतात असं नाही, म्हणून लोड टाकून बघा. यासाठी मला सेव्हन-झिप फार आवडतं कारण फुकट आहे, छोटं आहे आणि दोन्हीकडे चालतं. टूल्समध्ये बेंचमार्क उघडा, थ्रेडची संख्या १ करा, एकूण रेटिंग लिहून घ्या, मग २, मग ४. सीपीयू वापराच्या रकान्यात एका थ्रेडला साधारण १००, चार थ्रेडला ४०० च्या जवळ आकडा यायला हवा, आणि रेटिंग पण त्या प्रमाणात चढायला हवं. ४०० येतंय पण रेटिंग दुपटीच्या वर जात नाहीये, म्हणजे गेस्टला वाटतंय की चार कोअर राबतायत पण होस्ट त्याला तेवढे देत नाहीये. हाच टेस्ट होस्टवरही एकदा करून ठेवा म्हणजे तुलना करता येईल. त्या वेळी होस्टवरचा टास्क मॅनेजर बाजूला उघडा ठेवा, आतले चार भरले की बाहेरही चार कोअरचं काम वाढलेलं दिसलं पाहिजे.

सगळं बरोबर आहे तरी फास्ट होत नाही

दोन शक्यता. पहिली, प्रोग्रामच एका थ्रेडवर चालतो. चार ग्राफमधला एकच वर जातोय आणि बाकीचे झोपलेत, किंवा भार एका ग्राफवरून दुसऱ्यावर उड्या मारतोय पण बेरीज एका कोअरएवढीच राहतेय, असं दिसलं तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये शोधणं थांबवा. बऱ्याच प्रोग्रामना स्वतःला सांगावं लागतं, कोड कंपाइल करवणाऱ्या मेक कमांडला जे-चा (-j) ऑप्शन दिला नाही तर ती एका वेळी एकच फाइल कंपाइल करते, कोअर कितीही असोत.

आणि जो प्रोग्राम अनेक थ्रेड वापरतो त्यालाही मर्यादा असते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब अजून तसाच लागू आहे. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येतो आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागतो असं धरा, तर चार कोअरवर वेग साधारण ३.१ पट होतो, आठवर ४.७ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी १० पटीच्या पुढे जातच नाही. चारवरून आठवर जाताना होस्टचे चार कोअर अडकवून दीडपट मिळतंय, ते परवडतं का हे तुमच्या कामावर ठरवा.

दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त दिलेत. गेस्टच्या कर्नलमध्ये एक कोअर लॉक (एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून लावलेलं कुलूप) घेतो, दुसरा तो सुटायची वाट बघत जागच्या जागी फिरत राहतो, खऱ्या मशीनवर हे क्षणार्धात संपतं. पण व्हीएममध्ये ज्या कोअरने लॉक धरलाय त्यालाच होस्टने मध्येच थांबवून दुसऱ्या कामाला जागा दिली, तर वाट बघणारे सगळे तोपर्यंत नुसते फिरत बसतात आणि सीपीयू मात्र १०० टक्के दिसतो. होस्टवर मोकळे कोअर जितके कमी तितकं हे जास्त होतं. आधुनिक चिप आणि कर्नल यावर बरेच उपाय करतात, तरी पूर्ण जात नाही. केव्हीएम किंवा क्लाउडवरच्या लिनक्स गेस्टमध्ये टॉप कमांड चालवा आणि वरच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी नावाचा आकडा बघा, तो स्टील टाइम, म्हणजे गेस्टला काम करायचं होतं पण होस्टने वेळ दिला नाही असा वेळ. तो सतत पाच-दहा टक्क्यांच्या वर राहत असेल तर कोअर कमी करून बघा, विश्वास बसत नाही पण सहावरून चारवर आणल्यावर व्हीएम मोकळी होते. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर हीच गोष्ट सीपीयू रेडी नावाने दिसते. दोन-तीन व्हीएम एकदम चालवणाऱ्यांनी तर सगळ्यांच्या कोअरची बेरीज करूनच वाटप करावं, प्रत्येकीला चार-चार देऊन टाकायची नाहीत.

त्याच टॉपच्या ओळीत डब्ल्यूए पण बघा, तो वाढलेला असेल तर व्हीएम डिस्कसाठी थांबलीये आणि कोअरने काही होणार नाही, व्हीएमची डिस्क फाइल एसएसडीवर हलवा.

कोअर वाढवले की रॅमकडेही एकदा बघाच. आठ कोअर मिळाले म्हणून आठ जॉब एकदम सोडले आणि मोठा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट असेल तर एकेक जॉब सहज एक जीबीच्या वर खातो, चार जीबीची व्हीएम लगेच स्वॅपवर (रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरण्यावर) जाते आणि दोन जॉबला लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अशा वेळी एकतर रॅम वाढवा, नाहीतर जॉबची संख्या कोअरप्रमाणे न ठेवता रॅमप्रमाणे ठेवा.